परदेशात आजारी पडलं तर बिल कोण भरतं? आरोग्य विम्याच्या इतिहासातून काही धडे



दहा-बारा वर्षांपूर्वीची गोष्ट. आमच्या भागातले एक निवृत्त गुरुजी माझ्याकडे आले. मधुमेह आणि रक्तदाबासाठी ते बरीच वर्षं माझेच पेशंट. अमेरिकेत असलेल्या लेकीचं बाळंतपण होतं आणि गुरुजी व काकू दोघंही सहा महिन्यांसाठी निघाले होते.

"डॉक्टरसाहेब, विमानात बसता येईल ना मला?"

मी साखर तपासली, ईसीजी काढला, सहा महिन्यांच्या गोळ्या लिहून दिल्या. औषधांच्या मूळ नावांचं पत्रही दिलं. "विमा काढलाय का?" असं जाता जाता विचारलं. "काढलाय, एजंटनं सगळं करून दिलंय," ते म्हणाले. विषय तिथेच संपला.

चौथ्या महिन्यात मध्यरात्री त्यांच्या छातीत दुखू लागलं. वेळेत दवाखान्यात नेलं, अँजिओप्लास्टी झाली, जीव वाचला. मग बिल आलं. विमा कंपनीने कागद तपासले. 'आधीचे आजार' या रकान्यात 'नाही' लिहिलेलं होतं. शिवाय पॉलिसी अशी होती की दवाखान्यातल्या प्रत्येक दिवसाला ठरलेली एक छोटी रक्कमच मिळणार होती. उरलेले पैसे जावयाने दवाखान्याशी बोलून हप्त्याहप्त्याने फेडले. त्याला काही वर्षं लागली.

परत आल्यावर गुरुजी म्हणाले, "औषधपाणी तुम्ही सगळं बघितलंत. तो कागद तेवढा कुणीच वाचला नाही. लेकीच्या मदतीला गेलो आणि तिच्याच घरावर कर्ज ठेवून आलो."

ते वाक्य माझ्या मनातून गेलं नाही. तेव्हापासून परदेशी निघालेल्या प्रत्येक पेशंटचा विम्याचा कागद मी स्वतः बघतो. तो समजावा म्हणून थोडा इतिहासही वाचत गेलो. एक गोष्ट लक्षात आली. 'कोणता विमा चांगला?' हा प्रश्न आपण उलट्या टोकाने विचारतो. आधी विचारायला हवं की मी ज्या देशात चाललो आहे, तिथे दवाखान्याचं बिल भरायची पद्धत कशी आहे आणि ती तशी का पडली. प्रत्येक देशाची पद्धत त्याच्या इतिहासातून आली आहे. ती कळली की पॉलिसीत काय बघायचं हे आपोआप कळतं. म्हणून आज थोडा इतिहास.

आपला मुलूख आणि परदेश

आपल्याला वाटतं परदेशी जाणं हे आजकालचं आहे. पण आपल्याच जिल्ह्यातलं तेर, म्हणजे जुनं तगर, दोन हजार वर्षांपूर्वी रोमपर्यंतच्या व्यापाराला जोडलेलं होतं. पहिल्या शतकातल्या 'पेरिप्लस' या ग्रीक प्रवासवर्णनात तगरचं नाव आहे. इथलं कापड गाड्यांतून भडोचला जायचं आणि तिथून जहाजाने पुढे. तेरच्या लामतुरे संग्रहालयात त्या काळच्या वस्तू आजही बघायला मिळतात. त्या प्रवासात माणूस आजारी पडला तर त्याच्यामागे कोण उभं राहायचं? सोबतचे लोक, नात्यागोत्यातली माणसं, एखादा धर्मादाय आसरा. शेकडो वर्षं हाच माणसाचा आरोग्य विमा होता.

पुढे एकोणिसाव्या शतकात परदेशी जाण्याला कराराचं रूप आलं. १८३४ पासून मॉरिशसच्या उसाच्या मळ्यांवर हिंदुस्थानातले मजूर करार करून जाऊ लागले. त्यांत कोकणातली मराठी माणसंही बरीच होती. आजही मॉरिशसमध्ये मराठी समाज आहे. हे लोक जिथे उतरत, त्या पोर्ट लुईच्या आप्रवासी घाटावर दवाखान्याचे अवशेष दिसतात. मळेवाल्याने मजुरांसाठी दवाखान्याची सोय करावी असा नियमही होता. कागदावर सगळं होतं. पण त्याच व्यवस्थेत एक दिवस गैरहजर राहिलं तर दोन दिवसांची मजुरी कापायची पद्धत होती. आजारी माणसाने दवाखान्यात जावं की मजुरी वाचवावी?

आपल्या जिल्ह्यातले ऊसतोड कामगार उचल घेऊन कारखान्यावर जातात, त्यांना ही अडचण वेगळी समजावून सांगायला नको. मोठ्या अक्षरातलं आश्वासन वाचून भागत नाही. बारीक अक्षरातली अटही वाचावी लागते.

१८८३ : एकाच वर्षातल्या दोन गोष्टी

आता १८८३ या वर्षाकडे या. त्या वर्षी एप्रिल महिन्यात कल्याणची अठरा वर्षांची एक मुलगी कलकत्त्याहून जहाजात बसली आणि जूनमध्ये न्यूयॉर्कला उतरली. ती म्हणजे आनंदीबाई जोशी. १८८६ साली फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयातून त्या एम.डी. झाल्या. पण तिकडची थंडी, जेवणाखाण्याचे हाल आणि अभ्यासाचा ताण यांत तब्येत ढासळत गेली. क्षयाने त्यांना गाठलं. कोल्हापूरच्या अल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलमध्ये त्यांची नेमणूक झाली होती. त्या कामावर रुजू होण्याआधीच, २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, पुण्यात त्यांचं निधन झालं. वय पुरतं बावीसही नव्हतं.

परक्या देशात त्यांच्या पाठीशी काय होतं? न्यू जर्सीतल्या रोझेल गावच्या कार्पेंटर कुटुंबाचा जिव्हाळा होता. श्रीमती कार्पेंटर यांनी त्यांना लेकीसारखं सांभाळलं. म्हणजे माणसं होती, व्यवस्था नव्हती. इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. क्षयाचा जंतू कॉखने १८८२ मध्ये नुकताच शोधला होता आणि पहिलं प्रभावी औषध मिळायला १९४० चं दशक उजाडावं लागलं. त्यामुळे कोणताही विमा आनंदीबाईंना वाचवू शकला नसता. विमा आजार बरा करत नाही. उपचार उपलब्ध असले तर तिथपर्यंत पोहोचायची आणि नंतर घर सावरायची सोय तो करतो, एवढंच. हे 'एवढंच' आज मात्र फार मोलाचं आहे, कारण आज उपचार आहेत.

आनंदीबाई न्यूयॉर्कला उतरल्या त्याच जून १८८३ मध्ये तिकडे जर्मनीत बिस्मार्कच्या सरकारने कामगारांसाठी आजारपणाच्या विम्याचा कायदा केला. देशपातळीवर सक्तीचा असा हा जगातला पहिला कायदा मानला जातो. हप्त्याचा दोन तृतीयांश भाग कामगाराने आणि एक तृतीयांश मालकाने भरायचा. त्या बदल्यात उपचार आणि आजारपणात तेरा आठवड्यांपर्यंत भत्ता. बिस्मार्कला कामगारांचा फार कळवळा होता असं नाही. कामगारांनी समाजवाद्यांच्या मागे जाऊ नये, हा त्यातला मोठा हेतू होता. पण कल्पना टिकली. धडधाकट माणसं हप्ता भरतात आणि आजारी माणसाचं बिल त्यातून जातं. कोण धडधाकट, कोण आजारी हे आधी बघायचं नाही, सगळ्यांनी आत यायचं.

जर्मनीत आजही याच पायावर काम चालतं. आपला मुलगा नोकरीसाठी तिकडे गेला की पगारातून हप्ता कापला जातो. मालक जवळपास तेवढाच भरतो आणि न कमावणारी बायको-मुलं त्याच हप्त्यात येतात. ठरावीक मर्यादेच्या वर पगार असला तर खासगी विमा घ्यायची मुभा मिळते. तरुणपणी तो स्वस्त पडतो आणि इथेच लोक चुकतात. खासगी विम्यात हप्ता पगारावर ठरत नाही. पॉलिसी घेतानाचं वय आणि तब्येत बघून ठरतो. घरातल्या प्रत्येकासाठी वेगळा हप्ता लागतो. आणि वयाच्या ५५ नंतर सरकारी व्यवस्थेत परत जाणं जवळपास अशक्य असतं. तुमचा मुलगा 'खासगी स्वस्त आहे' म्हणत असेल तर त्याला पुढच्या तीस वर्षांचा हिशोब मांडायला सांगा.

१९४८ : इंग्लंडमध्ये, दिल्लीत आणि आपल्याकडे

दुसऱ्या महायुद्धाने इंग्लंड पार पिचून गेलं होतं. तशा अवस्थेत त्यांनी ५ जुलै १९४८ रोजी राष्ट्रीय आरोग्य सेवा सुरू केली. तिला सगळे एनएचएस म्हणतात. खर्च सरकारी तिजोरीतून, म्हणजे मुख्यतः करातून, आणि पेशंटकडून उपचाराच्या वेळी पैसे नाहीत, हे तिचं तत्त्व.

आपल्याकडे त्याच वर्षी एप्रिलमध्ये कर्मचारी राज्य विमा कायदा झाला. तो कारखान्यांतल्या कामगारांसाठी होता. शेतकरी आणि शेतमजूर त्याच्या बाहेरच राहिले. आणि आपला जिल्हा? तेव्हा आपण निजामाच्या राज्यात होतो. इंग्लंडमध्ये मोफत दवाखाने उघडत होते तेव्हा आपल्याकडे रझाकारांची दहशत होती. १७ सप्टेंबर १९४८ ला आपण मुक्त झालो. आजारपणाचा खर्च घरातल्या दागिन्यांतून, जमिनीच्या तुकड्यातून किंवा सावकाराकडून भागवायचा, ही आपली पद्धत पुढेही कित्येक दशकं चालली. म्हणूनच विम्याचा कागद वाचायची सवय आपल्या घरांत रुजली नाही. यात कुणाचा कमीपणा नाही. आपल्याला तशी संधीच उशिरा मिळाली.

आज इंग्लंडला जाणाऱ्यांसाठी काय आहे? सहा महिन्यांपेक्षा जास्त काळाचा व्हिसा काढताना आरोग्य अधिभार भरावा लागतो. २०१५ मध्ये तो वर्षाला २०० पाउंड होता. फेब्रुवारी २०२४ पासून प्रौढांसाठी १,०३५ पाउंड आणि विद्यार्थ्यांसाठी ७७६ पाउंड आहे. जितक्या वर्षांचा व्हिसा, तितक्या वर्षांची रक्कम आधीच भरायची. ती भरली की तिथल्या रहिवाशांसारखेच उपचार मिळतात. दात, चष्मा, इंग्लंडमधली औषधाची चिठ्ठी यांचा खर्च वेगळा. पण मुलाकडे सहा महिन्यांपर्यंत भेटीला जाणारे आईवडील हा अधिभार भरत नाहीत, म्हणून त्यांना तो हक्कही मिळत नाही. अपघात विभागात तातडीने तपासतील, त्याचे पैसे घेणार नाहीत. मात्र भरती करावं लागलं तर नेहमीच्या दराच्या दीडपट बिल येतं. 'इंग्लंडमध्ये सगळं फुकट असतं' हे ऐकून विमा न काढता जाऊ नका. त्या फुकट सेवेचे पैसे तिथल्या लोकांनी करातून भरलेले असतात आणि पाहुणा त्या हिशोबात नसतो.

अमेरिका : नोकरीला बांधलेला विमा

अमेरिकेची गोष्ट वेगळी आहे आणि तीच आपल्याला सगळ्यात महागात पडते. १९२९ साली टेक्सासमधल्या डॅलस शहरात बेलर विद्यापीठाच्या रुग्णालयाने शाळाशिक्षकांसाठी एक योजना काढली. महिन्याला ५० सेंट भरायचे आणि गरज पडली तर वर्षात २१ दिवस रुग्णालयातला उपचार मिळवायचा. मला ही गोष्ट वाचताना आपले गुरुजीच आठवले. अमेरिकेतला आधुनिक आरोग्य विमा सुरू झाला तो शिक्षकांपासून.

पुढे १९४२ मध्ये महायुद्धाच्या काळात महागाई रोखायला सरकारने पगारवाढीवर बंधन घातलं. कामगार तर टिकवायचे होते. मग कंपन्यांनी पगाराऐवजी आरोग्य विमा द्यायला सुरुवात केली. नंतर त्यावर करसवलतही मिळाली आणि विमा नोकरीला कायमचा चिकटला. युद्धातली तात्पुरती सोय देशाची पद्धत होऊन बसली. आता जो नोकरीत नाही त्याचं काय? ६५ वर्षांवरच्या नागरिकांसाठी १९६५ मध्ये मेडिकेअर आलं. २०१० च्या कायद्यानंतर, २०१४ पासून, तिथल्या नियमित आरोग्य विम्यात आधीच्या आजारामुळे कुणाला नाकारता येत नाही.

पण भेटीच्या व्हिसावर गेलेले आपण यांपैकी कशातच बसत नाही. नोकरी नाही, मेडिकेअर नाही, आणि २०१४ चं संरक्षण पाहुण्यांच्या पॉलिसीला लागू नाही. ग्रीन कार्ड मिळालेल्या आईवडिलांनाही, तिथे नोकरीचा काळ भरलेला नसेल तर, ६५ वर्षांनंतर मेडिकेअर पैसे भरून घ्यायला सलग पाच वर्षांचं वास्तव्य लागतं. १९८६ च्या कायद्यामुळे तातडीच्या विभागात पैशाअभावी कुणाला परत पाठवता येत नाही, हे खरं. तपासतील, जीव स्थिर करतील. बिल मात्र मागाहून घरी येईल.

अमेरिकेत पाहुण्यांसाठी दोन प्रकारच्या पॉलिसी मिळतात. पहिल्या प्रकारात प्रत्येक गोष्टीला ठरलेली रक्कम असते. एका दिवसाच्या खाटेला इतके, शस्त्रक्रियेला इतके. बिल कितीही येवो, तेवढेच मिळणार. हप्ता कमी असतो म्हणून लोक हीच घेतात. आमच्या गुरुजींची अशीच होती. दुसऱ्या प्रकारात सुरुवातीची एक ठरावीक रक्कम आपण भरायची आणि पुढच्या बिलाचा मोठा भाग कंपनी भरते, एकूण मर्यादेपर्यंत. हप्ता जास्त असतो. अमेरिकेसाठी मी नेहमी दुसरा प्रकार बघायला सांगतो.

आखाती देश : कामगार आणि त्याचा मालक

सत्तरच्या दशकात तेलाचा पैसा आला आणि आखाती देशांत आपल्याकडची माणसं कामाला जाऊ लागली. गवंडी, ड्रायव्हर, इलेक्ट्रिशियन, नर्स. तिथली सगळी पद्धत मालकाच्या, म्हणजे स्पॉन्सरच्या, भोवती बांधलेली. त्यामुळे विमाही त्याच्याच हातात. सौदी अरेबियाने १९९९ मध्ये परदेशी कामगारांसाठी विम्याचा कायदा केला, मग अबुधाबीने २००५ मध्ये आणि दुबईने २०१३ मध्ये. दुबईत हप्ता मालकाने भरायचा असतो, तो कामगाराच्या पगारातून कापता येत नाही. हे आपल्या मुलांना माहीत असायलाच हवं. मात्र बायको-मुलांना नेलं तर त्यांच्या विम्याची जबाबदारी बहुतेक वेळा त्यांना नेणाऱ्यावर असते. मूलभूत पॉलिसीत वर्षाची मर्यादा आणि ठरावीक दवाखान्यांची यादी असते, तीही बघून घ्या.

भारत सरकारची 'प्रवासी भारतीय बीमा योजना' २००३ पासून आहे. दहावी न झालेल्या कामगारांना आखातातल्या आणि इतर ठरावीक देशांत जाताना परवानगी घ्यावी लागते. त्यांना हा विमा सक्तीचा आहे. दोन वर्षांसाठी २७५ रुपये आणि तीन वर्षांसाठी ३७५ रुपये हप्ता. अपघाती मृत्यू किंवा कायमचं अपंगत्व आलं तर दहा लाख रुपये मिळतात. दवाखान्याच्या खर्चाची मर्यादा मात्र बरीच कमी आहे. घरच्यांना अनेकदा या पॉलिसीचा पत्ताच नसतो. म्हणून त्या कागदाची एक प्रत गावाकडे ठेवा.

आपली इथली पॉलिसी तिकडे चालते का?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त विचारला जातो. बहुतेक वेळा उत्तर 'नाही' असंच असतं. आयुष्मान भारत, महात्मा फुले जनआरोग्य योजना या आपल्या देशातल्या रुग्णालयांसाठी आहेत. सर्वसाधारण विमा कंपन्या १९७३ पासून सरकारी झाल्या आणि त्यांनी १९८६ मध्ये मेडिक्लेम आणलं. त्या वेळेपासून देशातली आरोग्य पॉलिसी भारतातल्या उपचारांपुरतीच असायची. परदेश प्रवासासाठी ऐंशीच्या दशकातच वेगळी ओव्हरसीज मेडिक्लेम पॉलिसी निघाली. आजही देशातली पॉलिसी आणि प्रवासाची पॉलिसी हे दोन वेगळे करार आहेत. परदेशात चालणाऱ्या काही महागड्या पॉलिसी आता मिळतात, पण तसं पॉलिसीत स्पष्ट लिहिलेलं हवं.

म्हणून काहीजण म्हणतात, "मग तिकडे जाताना इथली बंद करून टाकतो, हप्ता वाचेल." कृपा करून असं करू नका. देशातल्या पॉलिसीत आधीच्या आजारांसाठी प्रतीक्षा काळ असतो. २०२४ पासून तो जास्तीत जास्त तीन वर्षांचा आहे. पाच वर्षं सलग पॉलिसी चालली की, सिद्ध झालेली फसवणूक सोडली तर, माहिती लपवल्याचं कारण सांगून कंपनी क्लेम नाकारू शकत नाही. पॉलिसी बंद केली की ही सगळी वर्षं पुसली जातात. तीन-चार वर्षांनी परत आलात, तोवर साखर निघालेली, वय वाढलेलं, आणि पुन्हा पहिल्यापासून मोजणी. परदेशातून कायमचं परतणारा माणूस पुष्कळदा तब्येतीमुळेच परततो, हे मी ओपीडीत बघतो. नेमकी तेव्हाच हाताशी पॉलिसी नसते.

'आधीचे आजार' हा रकाना

आता मूळ मुद्दा. 'डॉक्टरसाहेब, बीपीचं तेवढं लिहू नका, हप्ता वाढतोय म्हणं,' असं मला महिन्यातून एकदा तरी ऐकायला मिळतं. मी समजू शकतो. पण बघा, बिस्मार्कच्या पद्धतीत आणि इंग्लंडच्या सेवेत सगळे आत असतात, म्हणून तिथे कुणी जुना आजार विचारत नाही. आपण जी खासगी प्रवास पॉलिसी घेतो ती तशी नाही. ती एका माणसाचा धोका मोजून त्याची किंमत लावते. तिचा सगळा करार आपण दिलेल्या माहितीवर उभा असतो. माहिती चुकली की करार कोसळतो, तोही नेमका गरज असते तेव्हा.

शिवाय आजार लपत नाही. तिथल्या डॉक्टरने पहिला प्रश्न विचारला की आपणच सांगतो, 'पंधरा वर्षांपासून शुगर आहे.' सांगायलाच हवं, नाहीतर उपचार चुकतील. ते केसपेपरवर येतं आणि तोच कागद विमा कंपनीकडे जातो.

बऱ्याच पॉलिसींत 'आधीचा आजार अचानक बळावल्यास' असं एक कलम असतं. त्यात काही संरक्षण मिळतं, पण अटी कडक असतात. त्रास अचानक सुरू झालेला हवा, ठरावीक तासांत, बहुधा २४ तासांत, उपचार घेतलेले हवेत, आणि वय अमुकपेक्षा कमी हवं. नेहमीची तपासणी, डायलिसिस, ठरवून केलेलं ऑपरेशन त्यात बसत नाही. सत्तरीनंतर एकूण मर्यादाही बऱ्याचदा कमी होते.

निघण्यापूर्वी

पॉलिसीवर सही करण्याआधी एजंटला किंवा कंपनीला हे प्रश्न विचारा आणि उत्तर पॉलिसीत कुठे लिहिलंय ते दाखवायला सांगा.

१. मी जातोय त्या देशात माझ्या प्रकारच्या व्हिसाला कोणता विमा सक्तीचा आहे? उदाहरणार्थ, युरोपातल्या शेंगेन देशांच्या भेटीच्या व्हिसाला किमान ३०,००० युरोचं कव्हर लागतं. सक्तीची रक्कम ही पुरेशी रक्कम असेलच असं नाही.

२. माझा मधुमेह, रक्तदाब, हृदयविकार, दमा यांच्याशी संबंधित त्रास झाला तर काय मिळेल आणि काय नाही?

३. प्रत्येक गोष्टीला ठरलेली रक्कम आहे की बिलाच्या प्रमाणात पैसे मिळतात? सुरुवातीला माझ्या खिशातून किती जाणार?

४. कंपनी दवाखान्याला थेट पैसे देते का, की मी भरून मग मागायचे?

५. मुक्काम वाढला तर पॉलिसी तिकडूनच वाढवता येते का?

६. पेशंटला भारतात आणायचा खर्च, आणि वाईट बोलू नये पण मृतदेह आणायचा खर्च, यात आहे का?

अर्ज स्वतः वाचा, नाहीतर शिकलेल्या नातवाकडून वाचून घ्या. कोऱ्या अर्जावर सही करू नका. आजारांची यादी आपल्या डॉक्टरांकडून लिहून घ्या, त्यासाठी आम्ही आहोत. पॉलिसीचा नंबर आणि कंपनीचा तातडीचा फोन नंबर मुलांच्या आणि तुमच्या अशा दोन्ही मोबाइलमध्ये ठेवा. देशोदेशीचे नियम आणि रकमा बदलत असतात, म्हणून निघण्याच्या महिन्यात पुन्हा एकदा खात्री करा. मी डॉक्टर आहे, विमा सल्लागार नाही. पण अर्धवट वाचलेल्या पॉलिसीने घर कसं दुखतं, ते मी जवळून पाहिलं आहे.

मागच्या वर्षी गुरुजी पुन्हा आले. आता त्यांचा स्वतःचा लांबचा प्रवास बंद आहे. सोबत धाकटे भाऊ होते, मुलाकडे निघालेले, हातात विम्याचा अर्ज. भाऊ म्हणाले, "तेवढं शुगरचं..."

गुरुजींनी त्यांना पुढे बोलूच दिलं नाही. "लिहा, डॉक्टरसाहेब," ते म्हणाले, "सगळं लिहा."

मी लिहिलं. मधुमेह, नऊ वर्षे. हप्ता वाढला. भाऊ थोडे कुरकुरले, पण पैसे भरून गेले आणि पाच महिन्यांनी खणखणीत परत आले. विमा वापरावा लागला नाही. "फुकट गेले की हो पैसे," ते हसत म्हणाले. देव करो आणि तुम्हा सगळ्यांचे असेच फुकट जावोत.

काळजी घ्या.